'त्याचा स्वभावच तसा' : शिक्षण-नोकरीबाहेर राहिलेली तरुण मुलं आणि एकटेपणा

अर्धविराम :

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहूनच टाकते.

माझा भाचा सव्वीस वर्षांचा आहे. पदवी झाली, पुढच्या परीक्षेची तयारी झाली, ती सुटली. मग एक नोकरी लागली, तीही सुटली. तेव्हापासून घरी. शिक्षण नाही, नोकरी नाही, कुठलं प्रशिक्षणही नाही. मित्र एकेक करत गळाले. घरात याचं एकच स्पष्टीकरण आहे आणि ते सगळ्यांना तोंडपाठ आहे : 'त्याचा स्वभावच एकलकोंडा.' पाहुणे म्हणतात, शेजारी म्हणतात, आता माझी वहिनीही म्हणायला लागलीय.

मी त्याची आत्या. शाळेत असताना हा पोरगा वर्गातल्या भांडणांत पंच असायचा. दोन्ही बाजूंची पोरं याला बोलवायला घरी यायची. एवढा माणसांतला मुलगा 'मुळातच एकलकोंडा' कसा? स्वभाव मध्येच कधी बदलला? की बदललेलाच नाही आणि आपण भलत्याच गोष्टीला स्वभाव म्हणतोय?

मध्यंतरी त्यांच्याकडे राहायला गेले होते. एक गोष्ट लक्षात आली ती सांगते. दाराची बेल वाजली की त्याच्या खोलीतला पंखा बंद होतो. आत कोणी आहे हे कळू नये म्हणून. पाहुणे बसलेत तोवर तो उकाड्यात तसाच बसून असतो. दार लागलं की काही वेळाने पंखा सुरू. घरात कोणाला हे जाणवलेलंही नाही.

थोडं वाचन केलं. अशा तरुणांसाठी, म्हणजे शिक्षण, नोकरी, प्रशिक्षण यांपैकी कशातच नसलेल्यांसाठी, इंग्रजीत 'नीट' हे लघुरूप आहे (प्रवेशपरीक्षेची 'नीट' वेगळी). १९९९ साली ब्रिटिश सरकारच्या एका अहवालामुळे ते रूढ झालं, तेव्हा ते १६ ते १८ वयाच्या मुलांबद्दल होतं. आता देशागणिक वयाची मर्यादा वेगळी आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये जगातल्या १५ ते २४ वयाच्या दर पाच जणांमागे एक जण या गटात होता. म्हणजे आमचं घर काही जगावेगळं नाही. तरीही 'स्वभाव' या शब्दाशी आलं की चर्चा संपते, आणि मला ती संपायला नकोय. अनुभव, वाचन, काहीही चालेल. उपदेशही चालेल, फक्त त्याच्या आईला दोष देऊ नका. ती बिचारी आधीच खचलीय.

टोकदार :

स्पष्ट लिहितो, राग नसावा. वेळेवर जेवण, डोक्यावर छप्पर, चोवीस तास इंटरनेट. कोण कशाला हलेल? आम्हाला ही चैन परवडणारी नव्हती म्हणून आम्ही 'एकाकी' झालो नाही. महिनाभर इंटरनेट बंद करून बघा, आपोआप स्वभाव सुधारेल.

पिंपळपान :

वाचतेय. पंख्याचं वाचून पोटात कालवलं.

काकदृष्टी :

टोकदार, चैनीत असलेला माणूस घामाघूम होऊन पंखा बंद करून बसत नाही हो.

मध्यमा :

टोकदार, तुम्ही म्हणता ते बहुतेकांना वाटतंच, त्यामुळे राग वगैरे नाही. पण त्याची तपासणी झालेली आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९४-९५ साली जन्मलेल्या दोन हजारांहून जास्त जुळ्या मुलांच्या मागावर राहिलेला एक अभ्यास आहे, 'ई-रिस्क' नावाचा. ती मुलं अठरा वर्षांची झाल्यावर त्यांच्यातल्या शिक्षण-नोकरीबाहेर असलेल्यांकडे वेगळं पाहिलं गेलं. २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. या मुलांमध्ये नैराश्य, चिंता, व्यसनं जास्त होती. इथपर्यंत कोणाला आश्चर्य वाटणार नाही. पण कामाची इच्छा आणि नोकरी शोधण्याची धडपड त्यांच्यात इतरांपेक्षा जास्त होती! कमी होता तो भरवसा. आपल्याला काही येतं आणि पुढे आपलं काही होईल, यावरचा. तेव्हा 'हलायचंच नाही' हे निदान त्या मुलांच्या बाबतीत तरी चुकीचं ठरलं.

त्याच मुलांच्या एकाकीपणावर २०१९ मध्ये स्वतंत्र लेख आला. अठराव्या वर्षी जे जास्त एकाकी होते, ते शिक्षण-नोकरीबाहेर असण्याची शक्यताही जास्त होती. आधी काय आणि नंतर काय, हे त्यावरून ठरत नाही. दोन्ही एकमेकांचा हात धरून येतात एवढंच दिसतं.

आता स्वभावाकडे. व्यक्तिमत्त्व मोजताना हल्ली पाच पट्ट्या धरतात : बहिर्मुखता, सौम्यपणा, काटेकोरपणा, मनाची अस्थिरता आणि नव्याची ओढ. 'एकलकोंडा' अशी पट्टी त्यात नाही. घरातले ज्याला एकलकोंडेपणा म्हणतात ती बहुतेकदा दोन गोष्टींची सरमिसळ असते : कमी बहिर्मुखता आणि जास्त अस्थिरता, म्हणजे मनाला पटकन लागणं, काळजी, लाज. पहिलीत त्रास काहीच नाही. अंतर्मुख माणसाला दोन मित्र पुरतात. मात्र ते दोन लागतात. ते दोनही गेले की तोही इतरांइतकाच एकाकी होतो, फक्त बाहेरून ओळखू येत नाही, कारण आधीही तो गप्पच असायचा.

आणि अर्धविराम, तुमच्या पंख्याबद्दल. लोकांपासून दूर राहणाऱ्यांत दोन अगदी वेगळ्या जाती असतात. एकाला माणसांची गरजच फारशी वाटत नाही. दुसऱ्याला माणसं हवी असतात, पण आपल्याला नाकारतील, हसतील या धास्तीने तो टाळतो. पहिल्याला पाहुणे आले काय नि गेले काय, त्याचा पंखा चालूच राहील. तुमच्या भाच्याला दाराबाहेर कोण आहे आणि ते काय विचारतील, हे खोलीत बसून पक्कं कळतं. भेटल्याशिवाय निदान करणार नाही, पण हा अलिप्त माणूस वाटत नाही.

जुनापेन :

मध्यमा, उत्तम प्रतिसाद. यात एक जुनी भर.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारियेन्थाल नावाचं गाव. सगळं गाव एका कापडगिरणीवर जगणारं. महामंदीत गिरणी बंद पडली आणि अख्खं गाव एकदम बेकार झालं. १९३१-३२ मध्ये मारी याहोदा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तिघांनी त्या गावाचा अभ्यास केला, १९३३ मध्ये पुस्तक आलं. टोकदारांच्या हिशेबाने आता लोकांकडे वेळच वेळ, तेव्हा वाचतील, मंडळं चालवतील, राजकारण करतील. झालं उलटं. वाचनालयाची वर्गणी माफ असूनही पुस्तकं नेणं घटलं. मंडळांचे सभासद कमी झाले. संशोधकांनी खिडकीआडून घड्याळ लावून लोकांचं चालणं मोजलं. पुरुष सावकाश चालायला लागले होते आणि वाटेत उगाच थांबत होते. कित्येकांनी खिशात घड्याळ ठेवणंच सोडलं होतं. दिवसभर काय केलं विचारलं तर त्यांना धड सांगता येत नव्हतं.

अख्ख्या गावाचा स्वभाव दोनेक वर्षांत एकलकोंडा झाला, असं कोणी म्हणेल का?

याहोदाबाईंनी पुढे यातून मांडलं की नोकरी पगाराखेरीज पाच गोष्टी नकळत देते : दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांशी नेमाने गाठ, स्वतःहून मोठ्या कशात तरी सहभाग, समाजात एक ओळख आणि हातापायांना सक्तीची हालचाल. कॉलेजही थोड्याफार फरकाने हेच देतं. भाच्याचे हे पाचही एकाच वेळी गेलेत.

उत्तरा_नक्षत्र :

जुनापेन, त्याच पुस्तकातलं राहिलं ते मी सांगते. त्या गावात बायका भरभर चालत होत्या. त्यांना थांबायला वेळ कुठे होता! पगार गेला होता, घरकाम गेलं नव्हतं.

आणि अर्धविरामताई, तुम्ही आकडा दिलात त्यातला एक भाग इथे कोणी विचारला नाही. जगभरातल्या या शिक्षण-नोकरीबाहेरच्या गटात साधारण दोन-तृतीयांश मुली आहेत. धागा मात्र मुलांवर चाललाय. मीही शिक्षण संपवून घरी आहे. मी खोलीत बसले तर 'शांत मुलगी', बाहेर आले तर 'कामाला मदत करते'. माझ्या मैत्रिणी उरलेल्या नाहीत, आठवड्यात घराबाहेरच्या कुणाशी बोलणं होत नाही. याची काळजी करायला कुणी नाही, कारण यात काही बिघडलंय असं कोणाला वाटतच नाही. भाच्याची निदान चर्चा तरी होतेय.

पिंपळपान :

उत्तरा, अगदी अगदी. हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

दूरदेशी :

मी बरीच वर्षं जपानमध्ये आहे, त्यामुळे 'हिकिकोमोरी' या प्रकाराबद्दल लिहितो. तामाकी साइतो या मानसोपचारतज्ज्ञांच्या १९९८ मधल्या पुस्तकामुळे हा शब्द घरोघरी पोचला. सहा महिने किंवा जास्त काळ घरात कोंडून घेणं, समाजाशी संबंध तुटणं, असा ढोबळ अर्थ. सगळे 'नीट' हिकिकोमोरी नसतात हे आधी लक्षात घ्या. काम नसलं तरी दोस्तांत रमलेले पुष्कळ असतात.

उत्तरा यांचा मुद्दा इथेही तंतोतंत लागू आहे. सुरुवातीच्या सरकारी पाहण्यांत गृहिणी आणि 'घरकामात मदत करणाऱ्या' मुली हिशेबातच नव्हत्या. २०१० मध्ये १५ ते ३९ वयात सुमारे सात लाख हिकिकोमोरी असल्याचा अंदाज होता. २०२३ च्या पाहणीत वयोगट ६४ पर्यंत वाढवला, व्याख्या रुंद केली आणि आकडा सुमारे साडेचौदा लाखांवर गेला. चाळिशीपुढच्या गटात तर निम्म्याहून अधिक स्त्रिया निघाल्या.

चाळिशीपुढे म्हणजे नेमकं काय, ते इथे '८०-५० प्रश्न' म्हणून ओळखलं जातं. ऐंशीच्या घरातले आईवडील पन्नाशीच्या मुलाला सांभाळताहेत. विशीत 'स्वभाव आहे, येईल बाहेर' म्हणून सोडून दिलेली मुलंही यात आहेत. शेजारच्या दक्षिण कोरियाने २०२३ मध्ये ९ ते २४ वयाच्या अशा एकांतवासी मुलांना महिन्याला साडेसहा लाख वॉनपर्यंत मदत द्यायचं ठरवलं. पैशाने माणूस खोलीबाहेर येतो का, हा वाद तिथेही झाला. पण सरकारने ही गोष्ट आळस या खात्यात टाकली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

टोकदार :

जपान-कोरिया राहू द्या. तुम्ही सगळे मिळून या मुलांना एक प्रमाणपत्रच देताय. उद्या प्रत्येक आळशी पोरगा म्हणेल मी हिकिकोमोरी.

व्यवस्थापन :

इथले दोन प्रतिसाद उडवले आहेत. मतभेद चालतील, आईबापांचा उद्धार नको.

सध्या_काहीच_नाही :

सदस्य होऊन बराच काळ झाला, पण इथे लिहायची ही पहिलीच वेळ. मी या धाग्याचा विषय आहे. म्हणजे भाचा नव्हे, पण त्याच गटातला.

टोकदारकाका, प्रमाणपत्राचं तुम्ही बोललात ते पूर्ण खोटं नाही. मी ऑनलाइन व्यक्तिमत्त्व चाचणी दिली होती. 'तुम्ही अंतर्मुख आहात' असं आलं आणि मला इतकं बरं वाटलं की मी त्याचं चित्र फोनवर जपून ठेवलं. माझं काही बिघडलेलं नाही, मी असाच आहे! नंतर शांतपणे प्रश्न परत वाचले. 'समारंभात तुम्ही अनोळखी लोकांशी स्वतःहून बोलता का?' मी समारंभाला गेलोच नव्हतो. 'हातात घेतलेलं काम वेळेत पुरं करता का?' कुठलं काम? सगळी उत्तरं मी गेल्या काही वर्षांच्या स्वतःकडे बघून दिली होती आणि त्या वर्षांत असं काही घडलेलंच नव्हतं ज्यावरून माझा स्वभाव कळावा.

आता माणसं कशी तुटतात ते सांगतो, कारण बाहेरून ते एकदम झाल्यासारखं दिसतं. कोणीही भेटलं की दुसरं वाक्य ठरलेलं : 'मग, सध्या काय?' विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं, हे मला कळतं. सुरुवातीला खरं सांगितलं. त्यावर सल्ले आले. मग 'घरूनच थोडं काम करतो' असं सांगायला लागलो. ते चाललं. पण खोटं सांगितलं की ते सांभाळावं लागतं. कोणाला काय सांगितलंय, कामाचं नाव काय सांगितलंय, ते दोघं एकमेकांना ओळखतात का. दोन मित्रांना वेगवेगळं सांगितलं होतं आणि त्यातल्या एकाने 'तिघं भेटू या' असा मेसेज केला. उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी पाठवलंच नाही. त्या दोघांशी माझं भांडण झालेलं नाही. एका प्रश्नाचं उत्तर नव्हतं म्हणून दोन मित्र गेले.

दिवसाचंही तसंच. सकाळी अकरा वाजता जिना उतरायला मला अजून जड जातं. त्या वेळी माझ्या वयाचं कोणी घरी नसतं, मी चटकन डोळ्यांत येतो. सहानंतर उतरलो तर कामावरून आलेला वाटतो. रविवार सगळ्यात चांगला, रविवारी सगळेच माझ्यासारखे असतात. सोमवारी सकाळी खालून गाड्या सुरू झाल्याचे आवाज येतात आणि मी पांघरूण डोक्यावर घेतो. झोप आलेली नसते.

इंटरनेट बंद करा म्हणणाऱ्यांना एवढंच, की तिथे निदान 'सध्या काय' विचारत नाहीत. खेळात चांगला असलो तर चांगला असतो. ते काढून घेतलंत तर मी बाहेर येणार नाही, तेवढंही उरणार नाही.

काकदृष्टी :

काय लिहिलंयस रे. लिहीत राहा इथे.

आकडेमोड :

'सध्या_काहीच_नाही' यांनी चाचणीबद्दल जे लिहिलंय तोच संशोधनातलाही तिढा आहे. बेकारीने व्यक्तिमत्त्व बदलतं का? २०१५ मध्ये जर्मनीतल्या हजारो लोकांच्या दीर्घ पाहणीवरून एक लेख गाजला : बेकारीच्या वर्षांत सौम्यपणा, काटेकोरपणा वगैरेंत बदल होतात, आणि पुरुषांत व स्त्रियांत ते वेगळे असतात. वर्तमानपत्रांनी 'बेकारी माणूस बदलते' असं छापलं. २०१९ मध्ये दुसऱ्या दोघा संशोधकांनी आपली पद्धत आधीच जाहीर करून तोच तपास पुन्हा केला. तसे बदल सापडले नाहीत. पहिल्या लेखाइतकी याची बातमी अर्थातच झाली नाही.

मला यात अर्धविराम यांच्यासाठी बरी बातमी दिसते. बाहेर न पडणं ही सवय असू शकते, भीती असू शकते, दिवसाची घडी विस्कटल्याचा परिणाम असू शकतो. म्हणून आतला माणूस बदलला असं होत नाही. तुमचा पंच बहुधा आहे तिथेच आहे.

पण दुसरी बाजू तितकी बरी नाही. २००६ मध्ये ९२ गटांवरचे दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा विशी ते चाळिशीत सर्वसाधारण माणूस जास्त काटेकोर आणि जास्त स्थिर होत जातो असं दिसलं. का होतो, यावर एक मत असं की नोकरी, जोडीदार, जबाबदारी या भूमिकाच त्याला तसं घडवतात. हे मत अजून वादात आहे. खरं असेल, तर भूमिका न मिळालेला तरुण मागे सरकत नाही, बरोबरीचे पुढे जातात. आणि मग अंतर पाहून लोक म्हणतात, 'स्वभावच तसा.'

मध्यमा :

आकडेमोड, हे फार नेमकं मांडलंत.

टोकदार :

ठीक. तरुण मित्रा, तुझं पूर्ण वाचलं. दोनदा वाचलं. माझे काही शब्द जास्त झाले असतील. पण प्रश्न उरतोच : करायचं काय? समजून घेतलं, आता पुढे? नुसतं कुरवाळत बसलं तर ते जपानचं ८०-५० होणार, हे याच धाग्यावर लिहिलंय.

मध्यमा :

रास्त प्रश्न. थोडं सविस्तर लिहिते.

आधी एक चाळणी लावा. झोप पूर्ण उलटी झालीय, खाणं सुटलंय, अंघोळ सुटलीय, नसलेले आवाज ऐकू येतात, लोक आपल्यावर पाळत ठेवून आहेत असं वाटतं किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलणं येतं, यातलं काहीही असेल तर स्वभाव-बिभाव बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञ. मुलगा यायला तयार नसेल तर आईवडिलांनी एकट्याने जावं. त्याचा उपयोग होतो. जपानमध्ये घरच्यांनाच बोलायची रीत शिकवण्याचे कार्यक्रम चालतात, कारण दार उघडणारी तीच माणसं.

हे नसेल तर पुढचं. एकाकीपणावरच्या उपायांचा मोठा आढावा २०११ मध्ये झाला. गप्पा मारायला शिकवणं, माणसांत नेऊन बसवणं, आधार देणं असे सगळे प्रकार तपासले. सर्वांत जास्त फरक पडला तो 'लोक माझ्याबद्दल काय विचार करतात' या समजुतीवर काम केल्याने. त्यामुळे भाच्याला ओढून एखाद्या समारंभात नेऊन बसवण्याने फार काही हाती लागणार नाही. तो तिथे बसून प्रत्येकाच्या चेहऱ्यावर 'सध्या काय' वाचत राहील.

दुसरं, स्वभाव मुद्दाम थोडा वळवता येतो का यावर २०१९ चा एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना पंधरा आठवडे छोटी छोटी कामं निवडायला दिली, अगदी 'दुकानात पैसे घेणाऱ्याला नमस्कार म्हणा' इतकी छोटी. ज्यांनी ती पार पाडली त्यांच्यात हव्या त्या दिशेने बदल दिसला. नुसती स्वीकारून न केलेल्यांना काही लाभ नाही, काही बाबतींत उलटाच परिणाम. घरातल्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. 'येत्या महिन्यात नोकरी लागलीच पाहिजे' असं कबूल करून घेतात. ते होत नाही आणि तो आणखी एक पाऊल आत जातो. म्हणून काम इतकं लहान हवं की न झाल्यास कोणालाच कळू नये.

अर्धविराम :

मध्यमा, आकडेमोड, दूरदेशी, सगळ्यांचे आभार. 'सध्या_काहीच_नाही', तुझा प्रतिसाद वहिनीला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली की पाहुणे येणार असतील तर त्याला आधी सांगायला हवं. मी आजवर भाच्याला फोन केला की पहिलं वाक्य तेच असायचं, 'मग, सध्या काय?'. आता वहिनीच्या सोसायटीतल्या एका वादाबद्दल त्याला विचारायचं ठरवलंय. पार्किंगवरून दोन घरांचं जुंपलंय आणि वहिनी मध्ये सापडलीय. बघू, पंच काय म्हणतो.

एक_बाबा :

मी मुलाचा बाप. धागा सुरुवातीपासून वाचतोय, लिहायचं धाडस होत नव्हतं. आमच्याकडे आम्ही दोघं आणि तो, जेवताना कोणी बोलत नाही. मी काही बोललो तर नोकरीवर येतं, म्हणून गप्प बसतो. तो समजतो मी रागावलोय. 'सध्या_काहीच_नाही', तुझ्या वडिलांनी तुझ्याशी काय बोललेलं तुला चाललं असतं?

सध्या_काहीच_नाही :

बाबा, माझ्या घरचं सांगतो, तुमच्याकडे लागू होईल असं नाही.

मला करमावं म्हणून काढलेली कामं मला लगेच ओळखू येतात. 'जरा कपाट आवरून दे' हे करमणुकीचं काम. पण मध्ये वडिलांचा डोळ्याचा चष्मा बदलला, त्यांना फोनवरचं बारीक दिसेना, आणि बँकेचं एक काम अडलं. ते चिडून माझ्या खोलीत आले, फोन माझ्या हातात दिला, म्हणाले, 'हे काय मागतंय बघ, मला कळत नाहीये.' चिडलेले होते, गोड बोलत नव्हते. तरी ते मला आवडलं, कारण मी नसतो तर ते खरंच अडले असते. तेव्हापासून त्यांचं तसलं सगळं माझ्याकडे आहे. त्यावरून भांडणंही होतात, पण नोकरी सोडून दुसऱ्या कशावर तरी होतात.

आणि एक, तुम्ही रागावलेले नसाल तर तसं तोंडाने सांगा. आम्ही शांततेचा अर्थ नेहमी एकाच बाजूने लावतो.

एक_बाबा :

सांगतो. धन्यवाद बाळा.

उत्तरा_नक्षत्र :

'काम लहान हवं' हे मुलींच्या बाबतीत जपून घ्या हं. आम्हाला घरातली लहान कामं भरपूर मिळतात, त्यांनी घराबाहेरचं कोणी भेटत नाही. मला घरातून जायला निमित्त लागतं आणि ते 'माझं काम आहे' एवढ्यावर मिळत नाही. इथे माझ्यासारख्या अजून कोणी असतील तर माझ्या पानावर विचारपूस करा, आठवड्यातून एकदा ठरवून फोन करू. विषय काहीही, 'सध्या काय' सोडून.

पिंपळपान :

उत्तरा, केली.

टोकदार :

तरुण मित्रा, शेवटचं विचारतो आणि खोचकपणे नाही. आठवडा कसा काढतोस?

सध्या_काहीच_नाही :

काका, सध्या दोन सकाळी एका वाचनालयात परत आलेली पुस्तकं जागेवर लावतो. पगार नाही. ओळखीतून मिळालं. तिथल्या बाई 'काय करतोस' विचारत नाहीत, उशीर झाला तर 'का आला नाहीस' विचारतात. अकरा वाजता जिना उतरावाच लागतो.

आकडेमोड :

म्हणजे याहोदाबाईंच्या पाचांतल्या चार झाल्या. वेळ, माणसं, हालचाल, सामाईक काम. ओळखीची बाजू पगाराशिवाय अवघड आहे, मान्य.

सध्या_काहीच_नाही :

पगाराचंही चाललंय. एक अर्ज टाकलाय. कुठे ते विचारू नका :)